एक वाटी बाजूला काढून ठेवा

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील मंगल कार्यालयांचे चालक, केटरिंगचे व्यावसायिक, आचारी, वसतिगृहांच्या खानावळींचे व्यवस्थापक आणि महाप्रसादाची जबाबदारी उचलणारी मंडळे यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची संशोधक आहे. माणसाच्या आतड्यात शिरून आजार घडवणारे जिवाणू आणि ते अन्नातून, पाण्यातून, हातांतून आपल्यापर्यंत कसे पोचतात, हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. आपण एका वेळी पाचशे, हजार, कधी पाच हजार माणसांसाठी रांधता, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. विनंती एकच आहे. पंगतीत वाढल्या जाणाऱ्या प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना वाढप सुरू होतानाच स्वच्छ डब्यात काढावा, डब्यावर पदार्थाचे नाव, तारीख आणि वेळ लिहावी आणि तो फ्रीजमध्ये ७२ तास ठेवावा. एवढ्याशा गोष्टीसाठी खुले पत्र कशाला, असे आपल्याला वाटेल, म्हणून ज्या प्रसंगाने मला हे लिहायला लावले तो आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या लग्नसराईत शहरालगतच्या एका कार्यालयात दुपारची पंगत उठली आणि रात्री दहानंतर वऱ्हाडातल्या माणसांच्या पोटात मुरडा येऊ लागला. पहाटेपर्यंत साठ-सत्तर जण जुलाबांनी हैराण होऊन वेगवेगळ्या दवाखान्यांत दाखल झाले होते. मला कळले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. नमुन्यांच्या बाटल्या घेऊन मी कार्यालयात पोचले तेव्हा भाड्याने आणलेले टोप आणि पातेली घासूनपुसून परत गेली होती, उरलेले अन्न जवळच्या गोठ्यात रिकामे झाले होते आणि ओटा फिनेलने धुतलेला होता. दवाखान्यांतून शौचाचे जे थोडे नमुने मिळाले, ते प्रतिजैविकाची इंजेक्शने दिल्यानंतरचे होते. दोन दिवसांनी मी जिवाणू वाढवायच्या प्लेटा उघडल्या तेव्हा त्यांवर संशयास्पद असे काहीही उगवलेले नव्हते. अहवालात लिहावे लागले, ‘रोगकारक जिवाणू आढळले नाहीत’. ह्या वाक्याचा अर्थ ‘आम्हाला सापडले नाहीत’ एवढाच असतो. पण दूधवाल्याने तो ‘माझ्या दुधात काही नव्हते’ असा घेतला, कार्यालयाने ‘आमचे पाणी चांगले होते’ असा घेतला आणि शेवटी सगळा आळ आचाऱ्यावर आला.

ते आचारी तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर येऊन बसले. वय साठीच्या पुढचे, हातावर जुन्या भाजल्याच्या खुणा. ते म्हणाले, “मॅडम, चाळीस वर्षं रांधतोय. माझं चुकलं असेल तर चुकलं म्हणा, पण काय चुकलं ते तरी सांगा.” मला सांगता आले नाही. आतड्यातल्या जिवाणूंवर इतकी वर्षे काम केलेल्या माझ्याजवळ त्या माणसाच्या साध्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, कारण उत्तर ज्यात होते ते अन्न संपले होते. त्या हंगामातल्या त्यांच्या पुढच्या ऑर्डर रद्द झाल्याचे नंतर कानावर आले.

आपल्याकडे अशा प्रत्येक घटनेला ‘विषबाधा’ म्हणतात. वर्तमानपत्रे तसे छापतात, आपणही तसेच बोलतो. पण ह्या एका शब्दाखाली निदान दोन निराळ्या गोष्टी झाकल्या जातात. कधी जिवाणू अन्नातच वाढतात, तिथेच विष तयार करून ठेवतात आणि आपण ते तयार विष गिळतो. कधी जिवंत जिवाणू पोटात जातात आणि आतड्यात मुक्काम करून आजार निर्माण करतात. पहिल्या प्रकारात त्रास काही तासांतच सुरू होतो, दुसऱ्यात वेळ लागतो. म्हणून जेवण आणि पहिली उलटी किंवा पहिला जुलाब ह्यांच्यामध्ये किती तास गेले, हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारते.

एक ते सहा तासांत जोराच्या उलट्या सुरू झाल्या, तर माझा पहिला संशय स्टॅफिलोकॉकस ऑरियस किंवा बॅसिलस सीरियस ह्या जिवाणूंवर जातो. स्टॅफिलोकॉकस निरोगी माणसांपैकी सुमारे २० ते ३० टक्के लोकांच्या नाकात मुक्कामाला असतो. बोटावरच्या पिकलेल्या फोडात तर तो असंख्य असतो. तिथून तो बासुंदीत, खव्यात, श्रीखंडात उतरतो आणि उन्हाळ्याच्या दुपारी विष तयार करतो. हे विष उकळूनही नष्ट होत नाही. “जरा वास येतोय, पुन्हा एक उकळी काढा” हा आपल्या स्वयंपाकघरातला जुना उपाय इथे जिवाणू मारतो, पण त्याने केलेले विष तसेच शिल्लक ठेवतो. बॅसिलस सीरियसचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली झोपलेली रूपे, तांदळावर मुळातच असतात. भात शिजताना ते मरत नाहीत, आणि शिजलेला भात ढीग करून झाकून ठेवला की त्या उबेत जागे होतात. उलट्या घडवणारे त्याचे विषही उष्णतेला दाद देत नाही.

त्रास आठ ते बारा तासांनी सुरू झाला, त्यात मुरडा आणि जुलाब जास्त आणि उलट्या कमी असल्या, तर मी डेगीकडे वळते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाच्या जिवाणूला ऑक्सिजन सोसत नाही. मोठ्या डेगीतला मटणाचा रस्सा, दालचा किंवा घट्ट आमटी ह्यांच्या तळाशी हवा पोचत नाही आणि तिथली ऊब तासन्‌तास टिकते. ४३ ते ४७ अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची वाढ सर्वांत वेगाने होते आणि अनुकूल परिस्थितीत दहा मिनिटांच्या आत एकाचे दोन होतात. दहा मिनिटे धरली तरी तीन तासांत अठरा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे अडीच लाखांहून अधिक. मे महिन्यात सोलापुरात सावलीतले तापमान ४२-४३ अंशांवर जाते, तेव्हा आपल्या गावची नुसती हवा ह्या जिवाणूच्या आवडीच्या उंबरठ्यापर्यंत येऊन थांबते. डेग भट्टीवरून उतरवून ‘निवू द्या’ म्हणून कोपऱ्यात ठेवली, तर अशा दिवशी ती निवतच नाही. एप्रिलच्या त्या लग्नातही हेच घडले असावे असे मला आजही वाटते. पण ते सिद्ध करता आलेले नाही, म्हणून त्या आचाऱ्यांना मी ते निर्णय म्हणून कधी सांगितले नाही.

साल्मोनेला हा जिवाणू ह्याहून सावकाश येतो. जेवणानंतर सहा तासांपासून ७२ तासांपर्यंत केव्हाही ताप, जुलाब आणि पोटदुखी सुरू होऊ शकते. नमुना तीन दिवस ठेवा, असे मी म्हणते ते ह्यासाठीच. शुक्रवारच्या जेवणाने सोमवारी आजारी पडलेला माणूस आपल्याकडे येईल, तेव्हा डबा फ्रीजमध्ये असायला हवा. प्लेटमध्ये जिवाणू वाढवण्यासाठी आम्ही जे तांबडे माध्यम ओततो, त्यावर साल्मोनेलाच्या वसाहती, म्हणजे डोळ्यांना दिसणारे ठिपके, मधोमध काळ्या पडतात, माशाच्या डोळ्यासारख्या दिसतात. सकाळी प्लेट उजेडात धरल्यावर ते डोळे दिसले की पुढचा मार्ग मोकळा होतो, कारण आता त्या जिवाणूला नाव मिळालेले असते, आणि रुग्णाच्या शौचातला आणि अन्नातला जिवाणू एकच आहे का, हे पडताळून पाहता येते.

ही पडताळणी किती लांबपर्यंत नेते, ह्याचे एक उदाहरण सोलापूरकरांना जवळचे वाटावे असे आहे. शेंगदाणा हा आपला जिन्नस. कोरडा, भाजलेला, म्हणून निर्धोक, अशी आपली समजूत आहे. अमेरिकेत २००८-०९ मध्ये शेंगदाण्याच्या लोण्यातून आणि त्यापासून केलेल्या पदार्थांतून साल्मोनेलाची लागण झाली, सातशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि नऊ मृत्यूंशी तिचा संबंध जोडला गेला. रुग्ण चाळीसहून अधिक राज्यांत विखुरलेले होते. ते एकाच साथीचे आहेत हे कळले, ते ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी रुग्णांकडून मिळालेल्या जिवाणूंचे जनुकीय ठसे एकमेकांशी ताडून पाहिले म्हणून. कोरड्या आणि तेलकट पदार्थात साल्मोनेला वाढत नाही, पण महिनोन्‌महिने जिवंत राहू शकतो. आपल्या शेंगा चटणीवर ह्यामुळे कुणी शंका घेऊ नये. दाणे नीट भाजले जातात तिथे तो मरतो. धोका असतो तो भाजलेले दाणे कच्च्या दाण्याच्याच पोत्यात किंवा सुपात पुन्हा ओतण्यात.

दुसरे उदाहरण जर्मनीचे. २०११ मध्ये तिथे ई. कोलाय ह्या आतड्यातल्या जिवाणूच्या एका घातक प्रकाराने सुमारे ३,८०० माणसे आजारी पडली आणि पन्नासहून अधिक दगावली. सुरुवातीला स्पेनमधून आलेल्या काकड्यांवर आळ आला. काकडी उत्पादक शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान झाले, माल टाकून द्यावा लागला. पुढे तपासात निघाले ते मेथीच्या मोडांकडे बोट दाखवणारे पुरावे. काकडी निर्दोष होती. साधनांनी सुसज्ज अशा देशात हे घडू शकते, तर आपल्याकडच्या बासुंदीवर, दूधवाल्यावर किंवा आचाऱ्यावर पुराव्यावाचून येणाऱ्या आळाची काय कथा?

असाच एक आळ आपल्याच शहरात एका डब्यामुळे पुसला गेला, तेही सांगते. घरगुती मुंजीत जेवणानंतर दोन-तीन तासांत वीस-बावीस जणांना उलट्या सुरू झाल्या. बासुंदी बाधली, असे तिथल्या तिथे ठरले आणि दूध देणाऱ्याला संध्याकाळी घरी बोलावून चारचौघांत बोल लावण्यात आले. योगायोग असा की, त्या घरातल्या एका मुलीची त्या दिवशी परीक्षा होती आणि तिच्या आईने पहिली पंगत बसतानाच दोन कप्प्यांच्या डब्यात मसालेभात आणि बासुंदी काढून फ्रीजमध्ये ठेवली होती. तो डबा सोलापुरी टॉवेलात गुंडाळून ती माउली स्वतः माझ्याकडे घेऊन आली. तिसऱ्या दिवशी मसालेभाताच्या प्लेटवर गुलाबी वसाहती आणि त्यांच्याभोवती पांढुरकी वलये अगदी दाट उगवली होती. मोजणी ग्रॅममागे लाखाच्या पुष्कळ वर गेली. बॅसिलस सीरियस होता. दोन रुग्णांच्या उलटीतही तोच मिळाला आणि बासुंदीत संशय घ्यावा असे काही निघाले नाही. चौकशी केल्यावर कळले की, सकाळी घाई नको म्हणून भात रात्रीच अर्धा शिजवून घमेल्यांत ढीग करून ओल्या फडक्याखाली ठेवला होता. आचाऱ्यांना कारण कळल्यावर त्यांनी ती पद्धत सोडली. दूधवाल्याची त्या घराने क्षमा मागितली. त्या डब्याने जे केले, ते दर वेळी एखाद्या मुलीच्या परीक्षेच्या योगायोगावर सोडून कसे चालेल?

आता आपल्या मनातली शंका. आपल्याच हाताने ठेवलेला नमुना उद्या आपल्याच विरुद्ध पुरावा ठरला तर? ही भीती मला अनेकांनी बोलून दाखवली आहे आणि ती खोटी नाही. नमुन्यात दोष निघाला, तर तो दोष आपला असल्याचे दिसेल. पण नमुना नसला तरी आळ यायचा तो येतोच, फक्त सुटकेचा मार्ग बंद झालेला असतो. शिवाय दोष अन्नाचाच असतो असे नाही. टँकरचे पाणी असते, मठ्ठ्यात फोडून टाकलेला बर्फ असतो, नळाला रोज पाणी येत नाही म्हणून भरून ठेवलेल्या पिंपात बुडवलेला तांब्या आणि तो धरणारा हात असतो. म्हणून पदार्थांबरोबर पाण्याची आणि बर्फाचीही एकेक बाटली ठेवा. कायद्याने अन्नसुरक्षा अधिकारी जो नमुना घेतात त्याची पद्धत निराळी आहे. आपला डबा त्याची जागा घेत नाही. तो आजाराचे कारण शोधण्यासाठी आहे.

नमुना काढताना तो वाढायच्या भांड्यातून काढावा, कारण माणसांनी खाल्ले ते तिथले. साधारण २०० ते २५० ग्रॅम पुरतात. डबा आणि ओगराळे उकळत्या पाण्यातून काढलेले असावे, प्रत्येक पदार्थाला वेगळे ओगराळे असावे, आणि डबा फ्रीजच्या खालच्या भागात ठेवावा. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये, कारण गोठवल्याने काही जिवाणू मरतात आणि मग आम्हाला खरी मोजणी मिळत नाही. एका कार्यासाठी आठ-दहा छोटे डबे लागतील. त्यांचा खर्च ताटामागे धरला तर जाणवणारसुद्धा नाही.

उपवासाच्या भगरीचा प्रश्न थोडा वेगळा आहे. नवरात्रात आणि महाशिवरात्रीला भगरीने त्रास झाल्याच्या बातम्या येतात, त्यांत ओलसर पिठावर वाढलेल्या बुरशीचा संबंध अनेकदा असतो. तिथे शिजवलेल्या भगरीबरोबर कोऱ्या पिठाचे पाकीटही जपून ठेवावे.

आपल्या हाताखालच्या माणसांबद्दल मात्र मला थोडे अधिक बोलायचे आहे. न्यूयॉर्कमधल्या मेरी मॅलन ह्या स्वयंपाकिणीची गोष्ट आमच्या विषयात शिकवली जाते. तिला स्वतःला आजाराचे काही लक्षण नव्हते, पण तिच्या हातच्या अन्नातून टायफॉइड पसरत होता, हे १९०७ मध्ये उघडकीस आले. टायफॉइडमधून बऱ्या झालेल्यांपैकी काहींच्या पित्ताशयात तो जिवाणू वर्षानुवर्षे टिकून राहतो. हगवण घडवणाऱ्या शिगेलाचे तर दहा ते शंभर जिवाणूही आजाराला पुरतात. नखाच्या कडेखाली त्याहून कितीतरी जास्त मावतात. पण हे सगळे सांगून मी वाढप्याला आणि भाजी चिरणाऱ्या मावशीला दोष देणार नाही. जुलाब होत असतानाही ती कामावर येते आणि ते लपवते, कारण न आल्यास त्या दिवसाची मजुरी बुडते. जुलाब, उलट्या किंवा हातावर पिकलेला फोड असलेल्या माणसाला आपण घरी पाठवावे आणि त्या दिवसाची मजुरी द्यावी. त्याशिवाय कुणी खरे सांगणार नाही. भिंतीवर लावलेल्या ‘हात धुवा’च्या पाटीपेक्षा ह्या एका दिवसाच्या मजुरीवर माझा अधिक भरवसा आहे. आणि ती पाटी लावलीच असेल, तर तिच्याखाली नळ आणि साबण असू द्या.

हे पत्र गावातल्या डॉक्टरमंडळींच्याही वाचनात येईल, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. अशा घटनेत पहिल्या आठ-दहा रुग्णांचे शौचाचे नमुने प्रतिजैविक सुरू करण्याआधी घेतले जावेत. थोडे थांबल्याने बहुतेक रुग्णांचे काही बिघडत नाही, कारण त्यांना सर्वांत आधी गरज असते ती पाण्याची आणि क्षारांची. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना साखर-मिठाचे पाणी पाजले आणि जिथे सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत होते, तिथे त्यांच्या देखरेखीखालील मृत्यूंचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. आपल्या गावोगावच्या शिवेवर मरीआईची देवळे आहेत. ती ज्या आजाराच्या भीतीने उभी राहिली, त्यावरचा पहिला उपाय आज कोणत्याही औषधाच्या दुकानात जलसंजीवनीच्या पुडीत मिळतो. ताप, रक्ताची आव, लहान मूल, वृद्ध किंवा गरोदर स्त्री असेल तिथे उपचाराचा निर्णय अर्थातच आपला. पण सरसकट दिलेल्या प्रतिजैविकाने जिवाणूचे नाव हरवते आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू मागे उरतात. भारतात टायफॉइडच्या जिवाणूवर सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक आता जवळजवळ निरुपयोगी झाले आहे. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ३५ मध्ये अधिसूचना काढून डॉक्टरांकडून अन्नबाधेच्या घटना कळवून घेण्याची तरतूद आहे. पण अधिसूचनेची वाट न पाहता एक फोन लवकर आला, तरी आमचे निम्मे काम सोपे होते.

तुळशीची लग्ने लागली की आपला हंगाम सुरू होईल. मागोमाग जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा येईल, गड्ड्यावर गर्दी लोटेल, ठिकठिकाणी महाप्रसाद होतील, आणि पुढे आषाढीत वारकऱ्यांच्या पंगती जिल्ह्याच्या रस्त्यांवर बसतील. हजारो अनोळखी माणसे आपल्या हातचे विश्वासाने खातात, ह्याचे मला नेहमी अप्रूप वाटत आले आहे. हंगामापूर्वी ज्यांना आपल्या स्वयंपाकघरात ही पद्धत सुरू करायची असेल, त्यांच्याकडे मी स्वतः यायला तयार आहे. त्याबद्दल काही घेणार नाही. पहिल्या कार्याला लागणारे डबे, चिकटपट्ट्या आणि लिहायचे पेन मी आणीन. आचारी, वाढपी आणि भांडी घासणाऱ्या मावश्या ह्या सगळ्यांनी त्या वेळी हजर असावे, एवढीच माझी अट आहे. आणि ज्या आचाऱ्यांना मी पायऱ्यांवरून उत्तर न देता परत पाठवले, ते हे वाचत असतील तर त्यांच्याकडे मला सर्वांत आधी यायचे आहे.

आपली,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक संशोधक,
सोलापूर